गाणं थांबेपर्यंत

कवायतीच्या मास्तरांबद्दल मला कधीच प्रेम नव्हतं. बोरिवलीच्या शाळेत मी मराठी शिकवायचे आणि माझा तास जरा रंगात आला की नेमकी मैदानावरून शिट्टी वाजायची. मार्कस सर आले आणि शिट्टी बंद झाली. त्यांच्या गळ्यात छोटा ढोल असायचा आणि त्यांची मुलं गात गात चालायची. माझा तास आता गाण्याने बुडू लागला, एवढाच फरक.

सर मनोरीचे. रोज सकाळी गोराईपर्यंत चालत आणि मग होडीने खाडी ओलांडून शाळेत. वडील मासेमारीच्या होडीवर तांडेल होते, होडीवर हुकूम त्यांचा. "बाई, माझा बाबा घड्याळ बघत नव्हता," सर एकदा चहा पिताना म्हणाले. "वल्ही मारणारे गातायत ना, मग चालू दे. गाणं तुटलं की माणूस बदलायचा."

तीच रीत त्यांनी शाळेत आणली. चालताना गाता येतंय तोवर चाल हलकी. बोलता येतंय पण गाता येत नाही, म्हणजे अंगाला खरा व्यायाम होतोय. शब्दच फुटत नाही, म्हणजे अती झालं. ढोलाचा ठेका हळूहळू वाढवत ते मुलांसमोर उलटे चालायचे आणि जे पोर गप्प झालं त्याला बाजूला काढून चिंचेखाली बसवायचे. सारखंच बसायला लागलं की घरी निरोप जायचा, डॉक्टरला दाखवा म्हणून. एका मुलाचा क्षय असा वेळेत सापडला. "सर, कवायत घेता की भजन?" असं मी त्यांना चिडवायचे. रीत मला मनातून पटली होती, पण तसं सांगून त्यांना डोक्यावर कोण चढवून घेणार!

आठवीत रत्नप्रभा नावाची मुलगी होती. घर कोकणातलं, वडील धाकू गिरणीत. लहानपणी गावी असताना तिचे सांधे सुजून मोठा ताप आला होता आणि तो जाताना काळजाला धक्का लावून गेला होता. हे डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं संपल्यावर. घरच्यांना एवढंच ठाऊक, की पोरगी लवकर दमते. धाकूने तिला बजावलं होतं, शाळेतून तब्येतीची एक जरी तक्रार आली तर नाव काढून घरी बसवीन. म्हणजे चिंचेखाली बसणं म्हणजे शाळा सुटणं. तिने हे फक्त सुलक्षणेला, तिच्या मैत्रिणीला, सांगितलं होतं आणि कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती.

रत्नप्रभेने यावर उपाय काढला. रांगेत ती मधोमध, सुलक्षणेला चिकटून चालायची. सुलक्षणेचा गळा खणखणीत. रत्नप्रभा नुसतं तोंड हलवायची, शब्दाशब्दाला बरोबर, कडव्याच्या शेवटी हनुवटी वर करून. सरांना समोरून हलणारी तोंडं दिसायची आणि आवाज ऐकू यायचा तो अख्ख्या रांगेचा. वर्षभरात ती एकदाही चिंचेखाली बसली नाही.

सदुसष्टच्या डिसेंबरात सरांनी मुलांना कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत चालत नेलं. मीही गेले होते, सगळ्यांच्या मागून, पायांना शिव्या घालत. शेवटच्या चढावर मुलांचा आवाज टिपेला पोचला होता. तो ऐकून सर खूश झाले. "अजून गातात बघा!" ते ओरडले आणि त्यांनी ठेका वाढवला. रांग वळणावर गेली तेव्हा रत्नप्रभा कडेला कोसळली. सुलक्षणा किंचाळली तरी पुढची मुलं गातच होती. सरांनी ढोल तिथेच टाकला, तिला पाठीवर घेतलं आणि तो सबंध उतार धावत उतरले. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शाळेत शोकसभा झाली. हेडमास्तर जुन्या दुखण्याबद्दल आणि देवाच्या मर्जीबद्दल बोलले. कुणी सरांना बोल लावला नाही. पण सुलक्षणेने रडत रडत सरांना सगळं सांगितलं होतं. चौथ्या दिवशी ते माझ्या वर्गाच्या दाराशी आले. "बाई, तिच्या घरी जायचंय. एकट्याला जमत नाही."

धाकू भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याचा मला संताप आला होता, अजूनही येतो. बोलली ती सोनूबाई, रत्नप्रभेची आई. सरांनी खाली मान घालून सांगितलं, की रत्नप्रभा गात नव्हती, नुसते ओठ हलवत होती. सोनूबाईने ऐकून घेतलं.

"रत्नी घरात सांगायची तुमची रीत," ती म्हणाली. "गाणा बंद पडला काय थांबूचा. असाच होता मा, सर?"

"होय."

"मग तिचा तर बंदच होता. तुमी कित्याक नाय थांबलास?"

सरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमच्या होडीत सहा माणसं असायची, बाई. बाबा एकेकाचा गळा ओळखायचा. मी साठ पोरं एकदम गायला लावली. मला सगळ्यांचं ऐकू आलं. तिचं नाही."

सोनूबाईने पदर तोंडावर ओढला. आम्ही उठलो.

त्यानंतर सरांनी रांग मोडली. मैदानावर एकेका पोराला एकटं चालायला लावायचे, एकटं गायला लावायचे आणि स्वतः कान लावून शेजारून चालायचे. मुलं लाजायची, हसायची, बेसूर ओरडायची. एका तासात चार-पाच पोरंच व्हायची. पालकांच्या तक्रारी आल्या, नवीन हेडमास्तरांनी ते बंद पाडलं आणि पुन्हा शिट्टी आली. सर खेळांच्या खोलीत नेट शिवत बसू लागले. चिडवायचा माझा धीर झाला नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या मार्चमध्ये ते गेले. मनोरीला गेले मी. शवपेटीमागून सगळं गाव त्यांची प्रार्थना गात दफनभूमीकडे चाललं होतं. मला ती येत नव्हती, आणि उन्हात दमही लागला होता. पण गप्प चालणं बरं दिसेना, म्हणून मीही शेजारच्या बाईकडे बघून नुसते ओठ हलवू लागले. थेट खड्ड्यापर्यंत हलवले. तिने एकदा माझ्याकडे वळून पाहिलं, छान वाटलं असावं तिला, आणि ती पुन्हा गाऊ लागली.