चांगुणाचे सात दिवस

लातूर जिल्हा होऊन पाच वर्षं झाली होती. नव्या कचेरीत शिपायाची जागा निघाली आणि मुरुडच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या व्यंकटला ती लागली, तेव्हा त्याच्या आईनं गावभर गूळ वाटला होता. आता व्यंकट लातुरात खोली करून राहायचा. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं घरी यायचा, सोमवारी सकाळी जायचा. घरी बायको चांगुणा, आई कस्तुराबाई आणि चार लेकरं. थोरली रुक्मीण अकरा वर्षांची, धाकटा तीन वर्षांचा.

त्या साली पावसानं पाठ फिरवली ती फिरवलीच. गावच्या विहिरीत दिवसाआड टँकर रिकामा व्हायचा आणि बायका दोर-पोहरे घेऊन काठाला भिडायच्या. चांगुणा सकाळी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची आणि दुपारी विहिरीवर उभी राहायची. धाकट्याच्या वेळी तिचं रक्त लई गेलं होतं. तेव्हापासून वाकून उठलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. पाचव्यांदा दिवस राहिले तर आपण काही उठत नाही, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

म्हणून बुधवारी गायकवाड सिस्टर कामावर आल्या, तशी ती हातोडा टाकून त्यांच्याकडं गेली. पंचशीला गायकवाड ही उपकेंद्राची नर्स. हदगावकडची, बौद्ध घरातली, तिशीच्या आतली. आठ गावं पायी फिरायची आणि स्वतःचं पाणी स्वतःच्या बाटलीत आणायची.

"सिस्टर, माझं आपरेशन करून टाका."

"शिबिर हिवाळ्यात. उन्हाळ्यात भरत नाही, पाणीच नाही. तोवर गोळ्या घे." सिस्टरनी पिशवीतून पाकीट काढलं. "पाळी कधी आली होती?"

"अवसेला बसले व्हते. बारा दिस झाले."

"मालक घरी आले होते का त्यानंतर?"

"न्हाई. टंचाईच्या मिटिंगा चालू हायत म्हनून दोन शनिवार आलेच न्हाईत."

"मग आजपासून सुरू कर. पण नीट ऐक. पाळी आल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू केली असतीस, तर पहिल्या गोळीपासून भरवसा होता. तू मधूनच सुरू करतेस. रोज एक, ठरल्या वेळेला, अशा सात गोळ्या पोटात गेल्याशिवाय भरवसा धरू नको. तोवर मालकाला लांब ठेव, नाहीतर हे निरोध घे."

चांगुणानं गोळ्या घेतल्या. निरोध परत दिले. "ते ह्यांना कोन सांगंल, सिस्टर?"

सिस्टरनी निरोध पिशवीत टाकले. वहीत तिचं नाव लिहून घेतलं आणि पुढच्या टोळीकडं गेल्या.

चांगुणानं त्याच संध्याकाळी पहिली गोळी गिळली आणि बोटांवर मोजलं. बुध, गुरू, शुक्र, शनी, रवी, सोम, मंगळ. पुढच्या बुधवारी काही भीती नाही. मध्ये फक्त एक शनिवार आणि एक रविवार. पण दोन शनिवार चुकलेला माणूस ह्या शनिवारी येणार, हे काय सांगायला पाहिजे?

गुरुवार-शुक्रवार तिनं विचारात काढले. नवऱ्याला सांगावं, तर आजवर अशा बाबतीत तिनं तोंड उघडलं नव्हतं. माहेरी जावं, तर पाण्याचं कोण बघणार? शेवटी शनिवारी सकाळी ती उठली ती चुलीकडं गेलीच नाही. ओसरीच्या कोपऱ्यात पोतं टाकून बसली.

"काय ग?" कस्तुराबाईनं विचारलं.

"बाजूला झाले, आत्या."

त्या घरात बाजूला बसलेल्या बाईची सावलीसुद्धा पाण्यावर पडू देत नसत. चार दिवस तिला कोणी शिवत नसे, नवराही नाही. कस्तुराबाईनं सुनेकडं क्षणभर बघितलं, पदर खोचला आणि कोपऱ्यातला दोर उचलला. "बस मग. रुक्मीण भाकऱ्या टाकील. टँकरला मी जाते."

"आत्या, तुमी नका जाऊ. गर्दी लई असती."

"न जाऊन काय करू? लेकरं काय पितील?"

साठीची म्हातारी दोर खांद्यावर टाकून गेली. चांगुणा कोपऱ्यात बसून राहिली. उठून मागं जावं, हातातला दोर घ्यावा, असं दहादा वाटलं. पण उठलं तर खोटं उघडं पडणार. ती उठली नाही.

तासाभरानं दोन बाया कस्तुराबाईला धरून घेऊन आल्या. टँकरचं पाणी विहिरीत पडलं, तशी बायकांची रेटारेटी झाली. म्हातारीचा पाय घसरला आणि ती काठाच्या दगडावर हातावर पडली. मनगट सुजून टम्म झालं होतं. घागर रिकामीच होती.

संध्याकाळी व्यंकट आला. रविवारी त्यानं आईला मुरुडला नेलं आणि प्लास्टर करून आणलं. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. कचेरीत सोमवारची रजा सांगायला त्यानं गाववाल्याजवळ चिठ्ठी दिली. आता आईचं अंथरूण, लेकरं, ढोरं, पाणी, सगळंच उघड्यावर पडलं.

बाजेवर पडल्या पडल्या कस्तुराबाई म्हणाली, "ऊठ चांगुणे. दुस्काळात कसला आलाय इटाळ? अर्धी बादली पानी डोक्यावरून घे आन् चुलीला लाग."

चांगुणा उठली. तिच्याजवळची एकच आडकाठी होती, ती सासूनंच हातानं काढून ठेवली.

रविवारी दिवे लागायच्या वेळी व्यंकट ढोरांना कडबा टाकत होता. तिथं तिनं धीर केला.

"अवं, एक सांगायचं व्हतं. मी सिस्टरच्या गोळ्या घ्यायलेय. सात दिस थांबावं लागतंय."

व्यंकट हसला. वाईट माणूस नव्हता तो. कचेरीत कुटुंब नियोजनाचे लाल त्रिकोणाचे कागद त्यानंच भिंतीला डकवले होते. "किती झाल्या?"

"आज पाचवी."

"मग पाच का कमी हायत? ताप आला तर दोन गोळ्यांत उतरतोय."

"तसं न्हाई. सिस्टरनी सांगितलंय, सात."

"सिस्टरला काय हाय, पुस्तकात लिव्हलेलं सांगती." त्यानं कडब्याची पेंढी सोडली. "दोन आठवडे तिकडं एकला पडलो, हितं आलो तर आईचा हात मोडलेला. आन् तू असं बोलायलीस."

त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला भांडता आलं असतं. रात्री लेकरं निजल्यावर तिनं त्याला अडवलं नाही.

मंगळवारी सकाळच्या एसटीनं तो गेला. सातवी गोळी तिनं त्या संध्याकाळी घेतली. पुढंही रोज घेतली, एक दिवस चुकवली नाही. पाकीट संपलं, तरी पाळी आली नाही.

सिस्टर आल्या, लघवी तपासायला नेली, आणि चार दिवसांनी स्वतः घरी सांगायला आल्या. "गोळ्या बंद कर. पोटातल्याला त्यानं काही होत नाही, ते भय धरू नको. पण तुझ्या अंगात रक्त नाही. पोट पाडायचं असेल तर लातूरच्या मोठ्या दवाखान्यात होतं, कायद्यानं होतं. उशीर करू नको. सोबत कोणी तरी पाहिजे."

सोबत कोण येणार? सासूचा हात गळ्यात. रुक्मीण एकटी पाण्याला आणि लेकरांना पुरेना. व्यंकट म्हणाला, पुढल्या आठवड्यात रजा टाकतो. पुढल्या आठवड्यात टंचाई बघायला कोणी मोठे साहेब आले. त्याच्या पुढल्या आठवड्यातही काहीतरी निघालं. असे दोन महिने गेले आणि मग सिस्टरच म्हणाल्या की आता नको, आता धोका आहे.

त्या दिवशी सासूच्या हाताला तेल चोळताना चांगुणाला रडू कोसळलं. हात वाकडाच जुळला होता. "आत्या, मी त्या दिवशी बाजूला झाले नव्हते. खोटं बोलले. माझ्यापायी तुमचा हात गेला."

कस्तुराबाईनं हात मागं घेतला नाही. "ठावं हाय मला. अवसेला बसलेली बाई पुनवेला परत कशी बसंल? नऊ बाळंतपनं काढली मी, मला मोजता येतंय."

"मग कामून गेलात पान्याला?"

"मला वाटलं, थकलीस. दोन दिस निजू द्यावं." म्हातारीनं मनगट जरा फिरवून धरलं. "हे गोळ्यांचं सांगितलं असतंस, तर मी तुला उठवलं नसतं."

ती तेल चोळत राहिली. सांगायची सोय होती हे चांगुणाला आता कळत होतं, आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता.

माघात मुलगी झाली, दीड किलोची. जगली. चांगुणाही जगली, पण दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं आणि पुढं वर्षभर तिच्यानं घागर उचलवली नाही. ऑपरेशन त्यानंतरच्या हिवाळ्यात झालं.

गायकवाड सिस्टर खडीच्या कामावर येतच राहिल्या. पाकीट हातात देण्याआधी त्या आता बाईला बाजूला घ्यायच्या आणि पहिल्यांदा विचारायच्या, "मालक कोणत्या वारी येतो?" बाई वार सांगायची. सिस्टर बोटांवर मोजायच्या, आणि बऱ्याच वेळा त्यांचं बोट साताच्या आधीच थांबायचं.