उठल्यापासून काय काय केलंत?

मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी सांगितलं की मेधाला ओव्हेरियन कॅन्सर आहे. खोलीत डॉक्टर, मेधा आणि मी होतो. मेधाने विचारलं, "स्टेज?" डॉक्टर म्हणाल्या, "तिसरी." आम्ही पार्किंगमध्ये आलो. गाडी मेधाने चालवली.

मेधा माझी बायको. ती स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ होती. मी न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टन शहरात एका ग्रंथालयात काम करतो. ज्यांच्या घरात असं दुखणं आलं आहे किंवा पुढे येईल, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. औषधांबद्दल अधिकाराने सांगावं असं माझ्यापाशी काही नाही. आमच्या फार उपयोगी पडलेला एक प्रश्न मात्र आहे.

ओव्हरी म्हणजे अंडाशय. तिथला कॅन्सर बराच काळ गप्प असतो. पोट फुगल्यासारखं वाटतं, दोन घासांत भरतं, लघवीला वारंवार जावं लागतं. मेधाने काही दिवस याचा दोष वयाला दिला आणि काही दिवस माझ्या आमटीला. शेवटी रक्ताची तपासणी आणि सीटी स्कॅन झाला. पोटात पाणी साठलं होतं आणि गाठी आतल्या आवरणापर्यंत पोचल्या होत्या.

ठरलं ते असं: आधी किमोथेरपी, म्हणजे शिरेतून दिली जाणारी कॅन्सरची औषधं, गाठी लहान झाल्या की ऑकलंडला ऑपरेशन, मग पुन्हा किमो. डॉक्टर म्हणाल्या, "पूर्ण बऱ्या व्हाल असं वचन मी देत नाही. वेळ मिळवता येईल."

मेधा म्हणाली, "मला एक उन्हाळा हवाय. मुलगी शेवटच्या वर्षाला आहे. तिची परीक्षा झाली की आम्हाला समुद्रावर जायचंय."

तेव्हा एप्रिल होता. इथे उन्हाळा डिसेंबरात येतो. मधे सगळा हिवाळा होता.

पुढचं समजायला मेधाच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. न्यूझीलंडला येण्याआधी ती काही वर्षं आफ्रिकेत, मलावीमधल्या एका जिल्हा रुग्णालयात होती. तिथे ती एका संशोधनात काम करायची. ज्या बायकांना आधीच ब्लडप्रेशर किंवा मधुमेह आहे, त्यांचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं आणि त्या घरी गेल्या, की पुढे त्यांचं काय होतं? "ऑपरेशनला सगळे हजर असतात, घरी गेल्यावर कोणीच नसतं," असं ती म्हणायची. हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात घर घेतल्यावरही तिने ते काम सोडलं नाही. आमची संध्याकाळ ही मलावीतली सकाळ. दर गुरुवारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा आणि पलीकडून डॉक्टर चिसोमो दिसायची. ती तिथे मेधाची ज्युनियर होती. आता ते काम तीच चालवते.

त्या कामात सुरुवातीलाच एक अडचण आली होती. तपासणीला आलेल्या बाईला "कशा आहात?" विचारलं, की ती म्हणायची, "मी बरी आहे, तुम्ही कशा आहात?" टाके पिकलेले असले तरी हेच. तिथे ती रीतच आहे, आपल्याकडे नमस्काराला नमस्कार करतात तशी. मेधाला याचं मुळीच नवल वाटलं नाही. "माझी आई आयसीयूत पडल्या पडल्या डॉक्टरांना विचारत होती, चहा घेणार का म्हणून," असं ती सांगायची.

मग तिने प्रश्न बदलला. कशा आहात हे विचारायचंच नाही. विचारायचं, "आज उठल्यापासून काय काय केलंत?" बाई सांगायला लागते आणि सांगता सांगता कळतं, की पाणी आणायला आज धाकटी गेली, चूल पेटवून ती मधेच बसली, दुपारी आडवी झाली ती उठलीच नाही.

किमो सुरू झाली. त्या वॉर्डात सांगलीची एक नर्स होती. पहिल्याच दिवशी ती मेधाला म्हणाली, "मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात ते दाराबाहेर ठेवून यायचं हं."

"हो बाई," मेधा म्हणाली.

"थर्मामीटर हाताशी ठेवायचा. अडतीसच्या, म्हणजे आपल्याकडच्या शंभराच्या, वर गेलं की लगेच फोन, वाट बघायची नाही. आणि ताप मोजल्याशिवाय तापाची गोळी घ्यायची नाही."

कारण असं, की किमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. त्याला न्यूट्रोपेनिया म्हणतात. या पेशी जंतूंशी लढतात. त्या कमी असताना जंतुसंसर्ग झाला तर तो अंगभर पसरू शकतो, आणि बऱ्याचदा ताप ही त्याची एकच खूण असते. गोळीने ती खूण झाकली जाते.

दुसऱ्या किमोनंतरचा एक गुरुवार. जून महिना. सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला, "ऑल गुड?" मेधा म्हणाली, "ऑल गुड, थँक यू." इथे हा प्रश्न आणि हे उत्तर एका दमात होतं. मी विचारलं तर म्हणाली, "बरी आहे रे." ईरा, आमची मुलगी, हिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. दुपारी ती म्हणाली, "बाबा, शीज नॉट ओके. शी हॅजन्ट टोल्ड मी ऑफ वन्स टुडे." आई दिवसभरात एकदाही रागावली नव्हती. मी ताप मोजला. सदतीस. मी पुस्तक घेऊन बसलो.

संध्याकाळी लॅपटॉप उघडला. मलावीत मोठ्या बाईला अमायी म्हणतात, म्हणजे आई, आणि पुरुषाला अबांबो. बोलणं इंग्रजीत चालायचं.

"अमायी," चिसोमो म्हणाली, "आज उठल्यापासून काय काय केलंत?"

मेधा हसली. "माझाच प्रश्न मला?"

"तुम्हीच शिकवलात. सांगा."

"उठले. चहा टाकला."

"प्यायलात?"

"नाही. अंग दुखत होतं, म्हणून एक गोळी घेतली आणि पडले."

"कुठली गोळी?"

मेधाने स्वेटरच्या खिशातून पट्टी काढून टेबलावर ठेवली. मी नाव वाचून सांगितलं, पॅरासिटामोल. पुण्याहून येताना बॅगेच्या कोपऱ्यात आपण सगळेच ज्या पट्ट्या कोंबतो, त्यातली. अंग दुखलं, डोकं जड झालं, की हात आपोआप तिकडे जातो. इतक्या वर्षांची सवय, डॉक्टर असली म्हणून काय झालं.

"मग?"

"दुपारी अजून एक. मग थंडी वाजायला लागली, म्हणून हीटर वाढवला."

मी भिंतीवरच्या हीट पंपाकडे पाहिलं. अठ्ठावीसवर होता. हिवाळ्यात सगळेच स्वेटर घालून बसतात, तिच्या अंगात दोन होते हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"अबांबो, गोळीचा असर आता उतरला असेल. परत ताप बघा."

एकोणचाळीस होता.

"हे मी पेशंटना शंभरदा सांगितलंय," मेधा म्हणाली.

"पेशंटना सांगितलंत. आता निघा."

गाडी ईराने चालवली. हॉस्पिटलमध्ये रक्त काढलं आणि रिपोर्टची वाट न बघता शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं. सेप्सिसची, म्हणजे संसर्ग रक्तातून अंगभर पसरण्याची, सुरुवात होती. डॉक्टर म्हणाल्या, "वेळेवर आलात. सकाळपर्यंत थांबला असतात, तर माझ्या हातात काही राहिलं असतं की नाही, सांगता येत नाही."

सांगलीची नर्स दुसऱ्या दिवशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मॅडम, त्या पुण्याच्या पट्ट्या सगळ्या इकडे आणून द्यायच्या. जप्त."

"अगं, अर्ध्या एक्स्पायर झाल्यात."

"मग तर आधी द्या."

ऑगस्टमध्ये ऑकलंडला ऑपरेशन झालं. तिथल्याच माउंट वेलिंग्टन भागात एका स्नेह्यांकडे मी आणि ईरा राहिलो. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "डोळ्यांना दिसलं तेवढं सगळं काढलंय." तेवढ्यावर आम्ही त्या रात्री जेवलो.

घरी आल्यापासून मी रोज संध्याकाळी तो प्रश्न विचारायला लागलो. कशी आहेस हे विचारणं बंद केलं. तिच्या उत्तरांतून दुखणं कळायचं, आणि दुसरंही बरंच कळायचं. ईराच्या मोज्यांच्या खणात एकही जोडी जुळत नाही. शेजारचे आजोबा जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून हिवाळ्यात गवत कापतात. मागच्या लिंबाला फुलं आली आहेत. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिचा दिवस असा सबंध कधी ऐकला नव्हता.

डिसेंबरात आम्ही रॅग्लनला समुद्रावर, तिथल्या काळ्या वाळूवर गेलो. मेधाने पाण्यात पाय बुडवले. ईरा तिला ओढत होती, "कम ऑन आई, इट्स नॉट इव्हन कोल्ड," आणि मेधा तिला मराठीत रागावत होती. पुढच्या उन्हाळ्यातही गेलो. तिने एक मागितला होता, दोन मिळाले.

दुसऱ्या उन्हाळ्यानंतर कॅन्सर परत आला. डॉक्टरांनी औषधांचं एक आवर्तन दिलं, मग म्हणाल्या, "आता आणखी औषधाने त्रासच वाढेल." घरी हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांत वेदना सांभाळणाऱ्या संस्थेची, नर्स येऊ लागली. मेधाला वेदना फार होऊ दिल्या नाहीत, याबद्दल मी त्या सगळ्यांचा ऋणी आहे. शेवटच्या आठवड्यात मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "उठलेच नाही रे आज. लिंबाचं झाड बघितलं. ईराने केस विंचरले." जुलैत ती घरीच गेली.

मलावीतल्या ज्या बायकांनी एका परक्या डॉक्टरसमोर बसून आपला दिवस सांगितला, त्यांची नावं मला माहीत नाहीत. आमचे दोन उन्हाळे त्यांचेही आहेत. तुमच्या घरात कोणी आजारी असेल, तर कसं वाटतंय असं विचारू नका. दिवस विचारा, आणि ऐकायला बसा.

मेधा गेल्यावर पहिल्या गुरुवारी लॅपटॉप वाजला. चिसोमो म्हणाली, "अबांबो, आज उठल्यापासून काय काय केलंत?" मी म्हणालो, "ठीक आहे मी." ती म्हणाली, "ते मी विचारलं नाही." सांगण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या गुरुवारी सकाळी मी लिंबं उतरवली.

घरात आता मी आणि ईरा आहोत. गुरुवारी संध्याकाळी चिसोमोचा फोन येतो. मी उठल्यापासूनचं सांगतो.