आबांनी पाहिलेले हिप्पी

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. माळ्यावरच्या भांड्यांसारखे ते आपोआप साठतात, आणि एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात! काळाचौकीच्या आमच्या चाळीतले माझे निम्मे किस्से एकाच घरातले आहेत. माझा मित्र पक्या आणि त्याचे वडील आबा, एवढीच माणसं त्या घरात. पक्या जेमतेम दीड वर्षाचा असताना त्याची आई तापात गेली. आबांनी दुसरं लग्न केलं नाही. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले आणि पोर वाढवलं.

आबा अस्सल मालवणीत बोलायचे, पक्या मुंबईच्या मराठीत उत्तर द्यायचा. "आपल्याला समजते रे, बोलायला नाय जमत," असं त्याचं म्हणणं. आबा म्हणायचे, "ती भाषा शिकवूक आवस व्हयी." आवस म्हणजे आई.

* * *

गिरणी संपाचे दिवस. चाळीत टीव्ही फक्त आमच्याकडे, कारण माझे वडील बँकेत. एका संध्याकाळी दूरदर्शनवर परदेशातला माहितीपट लागला. हजारो हिप्पी पोरं-पोरी उघड्या मैदानात चिखलात बसलेली, दाढ्या वाढलेल्या, कपडे फाटके, लांब स्टेजवर कोणीतरी माइकवर ओरडतोय. आमच्या खोलीत दाटीवाटीने बसलेले गिरणी कामगार एकदम सावरून बसले.

"हेंचो पण संप?" आबांनी विचारलं.

"संप नाय आबा, हिप्पी आहेत ते," पक्या म्हणाला. "युद्ध नको म्हणतायत."

"आणि पगारवाढ?"

"ती नको त्यांना."

आबांनी मान हलवली. "मग फुटतले! पगारवाढ नको म्हणणारो संप टिकाचो नाय!"

खोली हसून हसून लोळली. त्या दिवसांत चाळीत हसू फार कमी ऐकू यायचं, म्हणून ते अजून कानात आहे.

* * *

साचाखात्यात एवढा खडखडाट असायचा की शेजारच्याला हाक मारली तरी पोचायची नाही. कामगार एकमेकांचे ओठ बघून बोलणं ओळखायचे. आबा त्यात पटाईत. आमचा मात्र त्यामुळे फार तोटा झाला!

एकदा पक्या आणि मी समोरच्या गॅलरीत उभं राहून, अगदी कुजबुजत, क्लास बुडवून मॅटिनीला जायचा बेत करत होतो. मधे अख्खा चौक. पलीकडून आबांचा खणखणीत आवाज आला, "मॅटिनीक जातास? मग येताना सुकट घेवन येवा!"

त्यानंतर आम्ही सगळे बेत भिंतीकडे तोंड करून केले.

* * *

संपाने पक्याचं शिक्षण सुटलं आणि वायरिंगचं काम सुरू झालं. त्यातून पुढे त्याने केबल टाकली. परदेशी चॅनेल आली आणि हिप्पी परत आले! दर रविवारी दुपारी जुन्या संगीताचे, जुन्या जत्रांचे माहितीपट. पक्या त्यांच्या पार प्रेमात पडला. खांद्यापर्यंत केस, गळ्यात मण्यांच्या माळा. त्या वर्षी गणपतीच्या देखाव्यात मंडळाने त्याला वाल्या कोळी केलं. मेकअपवाला आला, पक्याकडे बघून म्हणाला, "याचं झालंय की!"

* * *

आबाही न चुकता हे कार्यक्रम बघायचे. एकदा एका गायकाने गाणं संपल्यावर गिटार स्टेजवर आपटून आपटून फोडली. आबा ताडकन उठले.

"बंद कर ता! दसऱ्याक साच्याक फुलां वाहणारी माणसां आमी. संपात उपाशी रवलो, पण साच्याक कोणी दगड मारूक नाय!"

पक्या समजूत घालायला गेला. "आबा, त्याचं काय जात नाय. कंपनी त्याला दुसरी देते."

"कंपनी देता?" आबा खाली बसले. "मग तो मालकाचोच माणूस!"

* * *

एवढा राग येतो, तरी आबा हे का बघतात? मी एकदा त्यांना विचारलंच, तेव्हा त्यांनी सांगितलं.

पक्या वर्षाचा होता तेव्हा गणपतीत एक केसाळ गोरा हिप्पी चाळीत शिरला होता. हातात खरखरणारा कॅमेरा. त्याने पक्याच्या आईचं, कडेवरच्या पक्यासकट, चित्रण केलं. आबांची तेव्हा दुपारपाळी होती. घरी आल्यावर तिने हसत हसत सांगितलं, एवढंच. तिचा एकुलता एक फोटो लग्नातला, त्यात मान खाली आणि तोंडावर मुंडावळ्या. पक्याने आपल्या आईचा चेहरा धड बघितलेलाच नव्हता.

"तो गोरो खयतरी ती फिल्लम दाखवतलोच," आबा म्हणाले.

चाळीत सगळे हसायचे. मीही म्हटलं, "आबा, ती कधीच सडून गेली असेल."

"गिरण बंद पडली म्हणान मी बंद पडूचो नाय!"

त्यामुळे दर रविवारी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी एकच प्रश्न असायचा, "टेप घातलंस काय?" पक्या कुरकुरत व्हीसीआरमध्ये टेप घालायचा. अशी कित्येक वर्षं गेली. पक्याचं लग्न झालं, केस गळले, पण टेप घालणं चुकलं नाही.

* * *

आणि एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. बांगड्याचं तिखलं, ताटं वाढलेली. टीव्हीवर बसने हिंदुस्थानात आलेल्या हिप्पींचा माहितीपट. मागे गिटार, वर इंग्रजी निवेदन. मधेच एक लाकडी कठड्याची गॅलरी आली, आंब्याची तोरणं, आणि कडेवर पोर घेतलेली एक बाई. कॅमेऱ्याकडे बघून ती काहीतरी बोलली आणि खळखळून हसली. लगेच पुढचं चित्र आलं.

आबांच्या हातातला पाण्याचा तांब्या खाली पडला.

"तुजी आवस!"

पक्याने टेप मागे नेली. परत तीच गॅलरी, तीच बाई. पक्याचंच नाक, पक्याचंच हसू.

"आवाज बंद कर," आबा म्हणाले. "माका बघूक दी."

गिटार थांबली. आबा टीव्हीच्या काचेजवळ जाऊन बसले. "परत लाव." पक्याने लावली. "परत." बाई बोलायची, हसायची. तिसऱ्यांदा आबाही तिच्याबरोबर हसले आणि धोतराने डोळे पुसले.

"काय म्हणते?" पक्याने विचारलं.

"त्या गोऱ्याक इचारता," आबा म्हणाले. "'जेवलंस काय रे मेल्या?'"

पक्याने चित्र तिथेच थांबवलं. ताटातलं तिखलं केव्हाच गार झालं होतं. तो आईच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाला,

"नाय गे आये. अजून जेवूक नाय."