मंगलच्या वहीतला ‘झो’

मार्च संपता संपता एका सकाळी नांदेडहून भास्कररावांचा, माझ्या मैत्रिणीच्या, मंगलच्या नवऱ्याचा, फोन आला. मी लातूरला मुलाकडे, स्वयंपाकघरात दोडक्याच्या शिरा काढत होते. ते म्हणाले, “नलिनीताई, मंगल गेली.” मी गॅस बारीक करत अगदी सहज विचारलं, “एवढ्या उन्हात? कुठं, इस्लापूरला का?” मग ते मोठ्या समजुतीनं म्हणाले, “नाही हो. तशी नाही गेली.” तीस वर्षांत मंगलबद्दल ‘गेली’ हा शब्द मी शेकडो वेळा ऐकला असेल. गेली म्हणजे पिशवी खांद्याला लावून कुठल्यातरी डोंगरावर गेली, संध्याकाळी पदराला कुसळं घेऊन परत येईल, एवढाच त्याचा अर्थ. त्या दिवशी तो शब्द चारचौघं वापरतात त्या अर्थानं आला आणि मला कळलाच नाही.

अहमदपूर, लोहा करत दुपारी नांदेडला पोचले. झोपेतच हृदय थांबलं होतं. तिला हिरवी साडी नेसवली होती, हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, आणि शेजारच्या वहिनी येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या, “बघा ना, अगदी झोपल्यासारखी वाटते.” आणि मला त्या रडारडीत, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, हसू फुटलं. तोंडाला पदर लावला म्हणून निभावलं, लोकांना तो हुंदका वाटला. आता ही उठून म्हणेल, “वहिनी, दोनदा पाहिल्याशिवाय शेरा मारू नका,” असं क्षणभर वाटलं खरं. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख तेवढं वाढलेलं होतं आणि त्याच्या कडेला नेहमीचा काळसर-हिरवा मळ होता. तो कुणाला घासून काढता आला नव्हता. ती काही उठली नाही.

मंगल जाधव आमच्या कॉलेजात भूगोल शिकवायची आणि मी वनस्पतिशास्त्र. ती उदगीरकडच्या एका खेड्यातली, घराण्यात पहिली पीएच.डी. करणारी. मराठवाड्यातलं मूळचं रान किती उरलं आणि किती संपलं हे उपग्रहानं काढलेल्या चित्रांवरून शोधायचं, हा तिचा विषय. आमची ओळख झाली ती भांडणातूनच. स्टाफरूममधल्या मोठ्या टेबलावर तिनं एक चित्र पसरलं होतं, टेबलभर नुसतं लालभडक. माझा डबा ठेवायला जागा नाही, म्हणून मी जरा तिरकसपणे विचारलं, “ही कुठली आग लागलीय?” ती म्हणाली, “मॅडम, हे किनवटचं जंगल आहे.” मग तिनं समजावून सांगितलं, की जिवंत पानांवरून एक असा प्रकाश परततो जो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, वरच्या कॅमेऱ्याला दिसतो, आणि चित्रात तो लाल रंगानं दाखवतात. जितकं हिरवं तितकं लाल. मला पटलं, पण डब्यातली शेपूची भाजी पुढे करून मी म्हटलं, “मग घ्या, ही लाल भाजी खा.” बाईसाहेबांनी तो शब्द कायमचा उचलला. भाजीबाजारात जाऊन विचारायची, “मेथी चांगली लाल आहे ना?” भाजीवाला वैतागायचा, “बाई, लाल पायजे तर माठ घ्या की. मेथी कवा लाल आस्ती?”

पण हिचा हा सगळा हसरा कारभार एका चुकीवर उभा होता, आणि ती चूक तिनं कधी लपवली नाही. पीएच.डी.च्या वेळी तिला जी चित्रं मिळाली ती एप्रिलमधली होती. त्यांत तिच्या माहेरचा माळ कुठंच लाल दिसेना. तिनं नियमाप्रमाणे त्यावर ‘पडीक’ असा शिक्का मारला आणि पुढं गेली. चार-पाच वर्षांनी गावच्या कुणीतरी जमिनीच्या कामासाठी तो नकाशा शोधून काढला. इथं काहीच नाही, बाईंनी स्वतः लिहिलंय, असं म्हणून माळाचा मोठा तुकडा सपाट झाला, शेड उभ्या राहिल्या. मंगल दिवाळीला माहेरी गेली तेव्हा दशरथआजा नावाचा म्हातारा धनगर तिच्या दारात येऊन बसला. रागावला नाही. म्हणाला, “मंगल, माय, तू लई शिकलीस म्हनत्यात. मग आमच्या माळाला मेला म्हनून कसं काय लिवलीस? त्यो मेला नव्हता गं. झोपला व्हता.”

परत आल्यावर स्टाफरूममध्ये तिनं हे मला जसंच्या तसं सांगितलं. मी आपली वनस्पतिशास्त्राची अक्कल पाजळली. आपल्याकडची झाडं उन्हाळ्यात पानं टाकतात, पाणी जपतात, वरून काय किंवा खालून काय, खराट्यासारखीच दिसतात, असं पहिल्या वर्षाला शिकवतो तसं तिलाही शिकवलं. मग जरा मायेनं म्हटलं, “नकाशा पाहून कुणी जेसीबी आणत नाही गं. जेसीबी ठरलेला असतो, मग नकाशा शोधतात.” ती म्हणाली, “पण सापडला तो माझाच ना?”

त्यानंतर तिनं ती वही केली. कापडी पाठीची, लांबट, दुकानदार वापरतात तसली. डाव्या बाजूला जागेचं नाव, मग दोन रकाने, एक पावसाळ्यानंतरचा आणि एक ऐन उन्हाळ्यातला, आणि शेवटी शेरा. शेरा एका अक्षराचा. ‘झो’ म्हणजे झोपलेलं. ‘मे’ म्हणजे मेलेलं. नियम असा, की चित्रं दोन्ही ऋतूंतली पाहायची आणि शिवाय दोन्ही ऋतूंत स्वतःच्या पायांनी तिथं जायचं, त्याशिवाय शेवटचा रकाना भरायचा नाही. या पायपिटीत तिनं मला ओढलं, कारण पानं नसलेलं झाड ओळखणं हे माझं काम. फांदी अंगठ्याच्या नखानं खरवडायची ही युक्ती मीच तिला शिकवली. सालीखाली हिरवं निघालं तर झाड जिवंत, तपकिरी आणि कोरडं निघालं तर ती फांदी गेली. एवढं शिकवलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. तेव्हापासून रिक्षा थांबवून रस्त्याकडेची झाडं खरवडणारी बाई माझ्या नशिबी आली. दोन मध्यमवयीन बाया नकाशा घेऊन गावात शिरल्या की लोक घाबरायचे तरी किंवा खूश तरी व्हायचे. कुणी विचारायचं, “जमीन मोजायला आलाव का?” कुणी थेट घरकुलाच्या यादीचं विचारायचं. एका म्हातारीनं तर आम्हाला डोस पाजणाऱ्या बाया समजून नातवाला कणगीमागं लपवलं होतं.

पुढं वहीत तिसरा शेरा आला. एका विद्यार्थ्यानं संगणकावर दोन वर्षांची चित्रं पडताळून पाहिली आणि उड्या मारत आला, “मॅडम, लातूरच्या मुरुडकडे रान वाढलंय!” मंगलनं काही न बोलता सगळ्या वर्गाला एसटीत घातलं आणि मुरुडला नेलं. रान कसलं, जिकडंतिकडं ऊस. शेतकरी मोठ्या मनाचा, त्यानं पोरांना कांडकी तोडून दिली आणि संशोधन तिथंच चघळून संपलं. येताना मंगलनं वहीत लिहिलं, ‘ऊस’. वरून हिरवंगार, पाणी तोडलं की संपलं. मग आमच्या स्टाफरूममध्ये माणसांनाही हेच तीन शेरे लागू झाले. नवे प्राचार्य कसे आहेत? ‘झो.’ अमके सर? ‘ऊस’ गं, नुसता ऊस! माझा शेरा मी एकदा विचारला, तर म्हणाली, “तुला अजून एकाच ऋतूत पाहिलंय.” तेव्हा आमच्या ओळखीला वीस वर्षं झाली होती.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही शेवटचं सोबत गेलो. इस्लापूरला रेल्वेनं उतरून, सहस्रकुंडाच्या बाजूला एका गावात. गावामागच्या डोंगरातून लोक तेंदूपानं, मोह, चारोळी आणतात. खडीसाठी तो डोंगर कुणाला तरी हवा होता आणि त्यानं एप्रिलचं चित्र दाखवून डोंगर पडीक असल्याचा अर्ज केला होता. गावाला मंगलकडून उलटं लिहून हवं होतं. डोंगर त्या दिवशी असा लाल होता ... म्हणजे हिरवा होता, की बोलायची सोय नाही. गावच्या समितीचा मारोती कागद-पेन घेऊनच उभा. “म्याडम, तुमी काय करून राहिलात? जंगल तर समोर दिसूनच राहिलं की. मारा सही!” मंगल म्हणाली, “मारोतीराव, नोव्हेंबरात माझ्या गच्चीवरचं शेवाळंसुद्धा वरून जंगल दिसतं. एप्रिलात येते. दोनदा पाहिल्याशिवाय मी लिहीत नाही.” त्याचा चेहरा पडला. “आन् न्हाई जमलं यायला तर?” तिनं माझ्याकडे बोट केलं. “तर ही येईल.” मी लगेच सांगितलं, “माझे गुडघे येणार नाहीत.” सगळे हसले. परतीच्या गाडीत मी तिच्यावर चिडलेच. एवढे लोक आशेनं उभे, एक सही दिली असती तर काय बिघडलं असतं? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “एकदा पाहून लिहिलं होतं की मी.”

तेराव्याला नांदेडला गेले तेव्हा भास्कररावांनी ती वही माझ्या हातात ठेवली. टपाल खात्यात जन्म घालवलेला माणूस, कुठल्याही चिठ्ठीचा पत्ता लावणारा, पण म्हणाले, “नलिनीताई, इतकी वर्षं विचारीन विचारीन म्हणत राहून गेलं. हे ‘मे’ म्हणजे मे महिना, हे मला कळतं. पण ‘झो’ हा कुठला महिना?” आम्ही दोघंही हसलो, आणि मग हसता हसता दोघांनाही रडू आलं. शेवटच्या पानावर शेवटची ओळ त्या डोंगराची होती. नोव्हेंबरचा रकाना भरलेला. एप्रिलचा कोरा. शेराही कोरा. वही चाळत होतो तेवढ्यात मंगलचा फोन वाजला. तो भास्करराव अजून चार्ज करून ठेवतात. पलीकडून मारोती, “हालो म्याडम, एप्रिल लागला बरं का. सुनावणीची तारीख आली जवळ. कवा येऊन राहिलात?” भास्कररावांनी त्याला सगळं सांगितलं. बराच वेळ तो “अरारा ... अरारा” एवढंच म्हणत राहिला. कागदाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. म्हणूनच मला फोन मागून घ्यावा लागला.

दोन दिवसांनी मी आणि भास्करराव इस्लापूरला उतरलो. ऊन असं, की पायाखालचा फुफाटा चपलेतून भाजत होता. समोर डोंगर. करडा, उघडा, नुसत्या काटक्या. पायथ्याला एक मोह तेवढा कोवळ्या तांबूस पालवीनं भरला होता आणि भास्करराव लहान मुलासारखे म्हणाले, “हे तर खरंच लाल आहे की!” पण एका मोहावर डोंगराचा शेरा मारता येत नाही. गुडघ्यांना समजावत वर चढले. पहिली फांदी खरवडली. तपकिरी, कोरडी. दुसरी खरवडली, तीही तशीच. मारोती माझ्या हाताकडे बघत होता, मी त्याच्याकडे बघत नव्हते. खोटं लिहावं लागलं तर काय करायचं, हा विचार मनात आला, नाही असं नाही. आणि त्याच वेळी कळलं, की मंगलनं दिलं असतं ते उत्तर मला पाठ आहे. तिसरं झाड सागाचं. साल जाड, नख मोडायची वेळ. दातओठ खाऊन खरवडली ... आणि खाली हिरवं. ओलसर, मऊ, हिरवं. मग चौथं हिरवं, पाचवं हिरवं. पन्नास पावलांवर एक, असं तिच्याच शिस्तीनं पार माथ्यापर्यंत गेलो. मेलेलीही निघाली काही, ती तशीच लिहिली. माथ्यावर बसून मी वही उघडली. एप्रिलचा रकाना भरला आणि तिच्याच लाल पेननं शेवटी लिहिलं, ‘झो’. खाली मारोतीच्या कागदावर लिहिलं, की हा डोंगर आम्ही दोघींनी मिळून दोनदा पाहिला, नोव्हेंबरात आणि एप्रिलात, आणि तो जिवंत आहे. मारोतीनं कागद कपाळाला लावला. म्हणाला, “म्याडम आल्याच म्हनायच्या.” कागद वेळेत पोचला. निकाल अजून लागलेला नाही. पण यावेळी जेसीबीच्या आधी कुणीतरी नखानं खरवडून पाहिलं, आणि हे दशरथआजाला कळायला हवं होतं, असं फार वाटतं.

मंगल झोपलेली नाही, हे मला माहीत आहे. तिच्याबाबतीत दुसरा ऋतू यायचा नाही. पण त्या डोंगरावरून परत लातूरला घरी पोचले, हातपाय धुतले, पानावर बसले, तेव्हा वाढता वाढता सुनेनं माझा हात धरला. “आई, अंगठ्याच्या नखात काय गेलंय एवढं? घासूनसुद्धा निघालं नाही.” मी पाहिलं. कडेकडेनं काळसर-हिरवी रेघ होती.

म्हटलं, “राहू दे गं. लाल आहे ते.”