काळजी नको, सायलेंट आहे

माझं सगळं काम कापाकापीचं आहे. पेशी जनुकाची नक्कल काढते, तिला आरएनए म्हणतात. त्या नकलेतले काही तुकडे कापून टाकते, उरलेले जोडते. कधी एखादा तुकडा ठेवते, कधी गाळते, म्हणून एकाच जनुकापासून वेगवेगळी प्रथिनं होतात. रोगांशी लढणाऱ्या टी-पेशी घडताना ही कापाकापी कशी बदलते, हे मी वर्षानुवर्षं उंदरांत बघत आले. घरी हे कुणालाच कळत नसे. दादा मात्र मुलुंडच्या त्याच्या सोसायटीत सगळ्यांना सांगत फिरायचा, "आमची बहीण सायंटिस्ट आहे."

त्याची मुलगी सारखी आजारी असायची. तोंडात पांढरा थर, वाहणारे कान, दोनदा न्यूमोनिया. ती चार वर्षांची झाली तेव्हा डॉक्टरांनी जनुकांची तपासणी करायला लावली. दादाने रिपोर्ट मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि लगेच फोन केला. मी चारकोपच्या घरी एका परिषदेसाठी स्लाइड्स करत बसले होते. रिपोर्टमध्ये एका अक्षराचा बदल होता, पुढे लिहिलं होतं, 'बहुधा निरुपद्रवी'. अक्षर बदललं तरी प्रथिनातला घटक तोच राहतो, अशा बदलाला आम्ही सायलेंट म्हणतो.

"काही नाही रे. सायलेंट आहे. काळजी नको."

"नक्की ना? नीट बघितलंस ना तू?"

"दादा, हेच करते ना मी दिवसभर?"

त्याने डॉक्टरांना तसंच सांगितलं. पुढच्या तपासण्या राहिल्या.

सात महिन्यांनी भाची आयसीयूत होती, तिसऱ्या न्यूमोनियाने. बाहेरच्या बाकावर बसून मी तो रिपोर्ट पुन्हा उघडला. या वेळी बदलाची जागा बघितली. तुकड्याचं अगदी शेवटचं अक्षर. कुठे कापायचं हे पेशीला ज्या खुणेवरून कळतं, त्या खुणेतलंच. सात महिन्यांपूर्वी दादाचा फोन आला तेव्हा मी स्लाइडवर नेमकी अशीच जागा लाल रंगाने ठळक करत होते.

दादाला तिथेच सांगितलं. तो ओरडला नाही.

"मग तेव्हा काय बघितलंस?"

"बघितलंच नव्हतं."

आरएनए तपासायला रक्त हवं होतं. वहिनी आमच्या सख्ख्या मामाची मुलगी, माझी लहानपणापासूनची मैत्रीण. आईबापांचं रक्त जवळचं, म्हणून दोघांकडून तोच बदल मुलीत आला होता. मी नळी घेऊन उभी राहिले तेव्हा वहिनी म्हणाली, "हे तिच्यासाठी घेतेयस की तुझ्या लॅबसाठी?"

मी म्हटलं, तिच्यासाठी. तेव्हा ते खरं होतं.

बहुतेक नकलांत तो तुकडा गळलेला निघाला. टी-पेशी वाढायला लागणारं प्रथिन जेमतेम बनत होतं. थोड्या नकला बरोबर जुळत होत्या, त्यांच्यावर पोरगी आजवर जगली होती. दादाचा बोन मॅरो अर्धा जुळला, तो दिला. ती वाचली. उजवं फुप्फुस मात्र कायमचं अधू झालं, आणि ते त्या सात महिन्यांतच झालं, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर दादाला सांगितलं.

लॅबमध्ये माझे सर म्हणाले, "झकास केस आहे. लिहून काढ." मी दोन आठवडे टाळलं आणि मग लिहिलं. संमतीचा कागद घेऊन मुलुंडला गेले. दादाने उभ्याउभ्या सही केली.

"दुसऱ्या कुणाच्या पोरीला उपयोग होईल म्हणून करतोय," तो म्हणाला. "तुझ्यासाठी नाही."

पेपर छापून आला. त्यात भाची 'रुग्ण एक' आहे आणि एक वाक्य आहे, 'निदानास विलंब झाला.' कुणामुळे, ते त्यात नाही. ते वाक्य माझंच. त्या पेपरवर मला बढती मिळाली, आणि मी ती घेतली.

भाची आता दुसरीत आहे. शाळेचे दोन जिने चढताना मधल्या पायरीवर बसते, बाईंनी तशी परवानगी दिली आहे. मी गेले की "आत्या आली" म्हणून ओरडते, दम लागेपर्यंत बडबडते. दादा तेवढा वेळ आतल्या खोलीत असतो. तिचे रिपोर्ट आता तो दुसऱ्या कुणाला तरी दाखवतो. कुणाला, ते मी विचारलेलं नाही.