आईला कोणी विचारलं नव्हतं

"एक जून," माझ्या स्क्रीनकडे बघत सर म्हणाले. "आनीक एक." मग मागच्या बाकावरच्या दोघांकडे वळले. "तुमचोय एक जून?" दोघांनी खाली बघत माना हलवल्या. आम्ही तिघं तुयेच्या औद्योगिक इस्टेटीतल्या कामगारांची पोरं. म्हापशाच्या त्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमधली बाकीची मुलं हसली.

जावाचे पहिलेच दिवस. तारखेचा क्लास, म्हणजे कोडमधला साचा, लिहायचा होता: दिवस, महिना, वर्ष, आणि त्यांतून तारीख तयार करणारा कन्स्ट्रक्टर. उदाहरणाला प्रत्येकाने आपली जन्मतारीख घालायची. मी दाखल्यावरची घातली.

"आता रिकामो कन्स्ट्रक्टर," सर म्हणाले. "कोणें तारीख दिली ना जाल्यार एक जून घालचो. जांच्या आवयांक याद ना, तांकां उपेगी पडटलो." पुन्हा हशा. मग माझ्याकडे बोट. "फाल्यां तूं बरोवन दाखय. सगळ्यांमुखार."

मला काय वाटेल ते बोला. आईला का?

घरी आई कारखान्यातली पहिली पाळी करून आली होती, भांडी घासत होती. मी विचारलं, मी कधी झाले, तुला खरंच आठवत नाही?

"आठवत न्हाई व्हय? मास्तरानं इचारलंच न्हाई. जूनमदी शाळंत घातलं, त्यानं जून लिव्हला." हात न थांबवता ती म्हणाली, "पोरं नरकासुर जाळून परतत हुती, तवा तू झालीस. उजाडायचं हुतं अजून."

दाखल्यावरचं वर्ष खरं होतं. त्या वर्षीची नरकचतुर्दशी मी फोनवरच्या पंचांगात काढली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना लिहून दाखवायला मी मोठ्या पडद्यासमोर बसले. माझी तारीख लिहिली. रिकामा कन्स्ट्रक्टर लिहिलाच नाही.

"एक जून खंय?"

"नाही घालणार, सर."

"सर्टिफिकेटार तोच आसा न्हय?"

"तो मास्तरांनी लिहिलाय. माझ्या आईला न विचारता. तुम्हीही विचारलं नाहीत."

कोणी हसलं नाही. सरांनी पुढे वाकून माझ्या कीबोर्डवर स्वतः तारीख न देता नवी तारीख मागितली. पडद्यावर लाल रेघ उमटली. तारीख दिल्याशिवाय तारीख होणार नाही, असं मशीनच सांगत होतं. सरांचे कान लाल झाले.

"भायर वच."

मी दप्तर उचललं. मागचे दोघं बसून राहिले. त्यांचा राग नाही, पण त्यांच्या खाली घातलेल्या माना विसरले नाही.

आज पेडण्यात एका खोलीत मी नवशिक्यांना हाच क्लास शिकवते. दर बॅचला कोणीतरी एक जूनवाला असतोच. रिकामा कन्स्ट्रक्टरही शिकवते, तो यायलाच हवा. त्यात कोणाचा जन्म घालू देत नाही. आणि एक जूनवर कोणी हसलं, तर बाहेर तो हसणारा जाईल. कोणाचाही मुलगा असो.