निर्माल्याची बादली

सोमवारी सकाळी आमच्या सफाईवाल्या रेखानं निर्माल्याची पिशवी उचलली आणि तिच्या तळहातात सुई घुसली. त्याच आठवड्यात सुधाताई भोयर यांचं आमच्या इमारतीतलं काम संपलं.

काम कुणी दिलेलं नव्हतं. सुधाताई मुलींच्या सरकारी वसतिगृहातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्या आणि माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. माहेर रामटेकजवळचं, धानाच्या बांध्यांमधलं, म्हणजे भातखाचरांतलं. इमारतीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या तळमजल्यावर, कचऱ्याच्या बादल्यांपाशी खुर्ची टाकून बसल्या. घराघरांतून डबे खाली आले की त्या लोखंडी चिमट्यानं उकरून पाहत. ओल्यात प्लास्टिक निघालं की डबा परत वर. "मी काही तुमच्या घरात डोकावून नाही राहिली," त्या म्हणत, "तुमी जे घराबाहेर फेकलं तेच पाहून राहिली." वसतिगृहातल्या मुली त्यांना घाबरत असतील, तसेच आम्हीही घाबरायचो. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ तर त्या अंघोळीला गेल्या आहेत ना, याची खात्री करून डबा खाली आणत.

ओला आणि सुका हे वर्षभरात जमलं. अडलं ते निर्माल्यापाशी. देवाची फुलं भाजीच्या सालींत टाकायला कुणी तयार होईना. लोक ती पिशवीत बांधून रस्त्यावरच्या पिंपळाखाली ठेवत, नाहीतर तलावात सोडून येत. सुधाताईंच्या स्वतःच्या घरात देव्हारा नव्हता. "माह्या घरी देव नाही. आले तं बसतीन, मी बोलावणं नाही धाडत," असं त्या सरळ सांगत. पण दुसऱ्यांच्या देवाची अडचण त्यांनी समजून घेतली. तिसरी बादली आणली, पितळेची, झाकणाची. आणि घरोघर जाऊन शब्द दिला की या बादलीतली पिशवी कुणी उघडणार नाही, चिमटा लावणार नाही, आणि रेखा ती उचलताना कचऱ्याचे हातमोजे काढून, हात धुऊन उचलेल. तिचं खत वेगळं होईल आणि तुळशीलाच जाईल.

लोकांनी ऐकलं. रेखाही ते मनापासून पाळत होती. कचरा उचलून झाला की हातमोजे काढायची, नळावर हात धुवायची आणि मग उघड्या हातांनी ती बादली रिकामी करायची. म्हणूनच त्या सोमवारी सुई हातमोज्याला न लागता हाताला लागली.

सुधाताईंनी तिचा हात वाहत्या पाण्याखाली धरला आणि मला हाक मारली. आम्ही रिक्षा करून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या गोळ्या लगेच सुरू केल्या आणि विचारलं, "सुई कुणाची आहे ते कळेल का? त्या व्यक्तीचं रक्त तपासता आलं तर या गोळ्या थांबवायच्या की नाही ते ठरवता येईल. नाहीतर महिनाभर गोळ्या आणि पुढे तपासण्या." मग रेखाकडे पाहून म्हणाल्या, "बाळ अंगावर पितं का?"

पीत होतं. सहा-सात महिन्यांचा मुलगा होता तिचा.

"मग तोवर पाजू नका."

परत येताना रिक्षात, घराजवळ आल्यावर, रेखा म्हणाली, "बाई, तो बाटली तोंडात नाही घेत वं."

संध्याकाळी पार्किंगमध्ये सगळे जमले. आमचे सचिव भगतसाहेब सिरिंज पाहून म्हणाले, "ही नशेची सुई आहे. आणखी काय असणार?" सगळ्यांच्या माना वरच्या मजल्याकडे वळल्या. तिथे कळमेश्वरच्या कारखान्यात काम करणारे तीन तरुण भाड्यानं राहत होते. त्यांच्यापैकी एक समोरच उभा होता. तो म्हणाला, "साहेब, आमी तं पूजाच नाही करत." कुणीतरी हसलं. भगतसाहेबांनी त्यांना बुधवारपर्यंत खोली सोडायला सांगितलं.

वर आल्यावर सुधाताईंनी माझ्या घरात येऊन दार लावलं. "ती सुई इन्शुलिनची होय," त्या म्हणाल्या. "माह्या वसतिगृहात दोन पोरी होत्या शुगरच्या, मीच टोचत होती. आन् पिशवी मी उघडून पाह्यली. आत गोकर्णाची फुलं आहेत."

गोकर्णाचा निळा वेल इमारतीत एकाच बाल्कनीत होता. त्या घरात साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तयारी चालू होती. मुलीचं साक्षगंध येत्या रविवारी होतं.

मंगळवारी सकाळी त्या मला घेऊन त्या घरी गेल्या. "तू नुसती बस वं लायब्ररीवाली. बोलू नको," असं जिन्यातच बजावलं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत होते आणि तसंही फारसं बोलत नाही. मुलीची आई दारातच थबकली. मग चहा आला. सोफ्यावर साड्यांची पाकिटं पडली होती.

"रेखाचं पोरगं कालपासून रडून राहिलं," सुधाताई म्हणाल्या.

"आमच्या घरी कोणालेच काही नाही," आई म्हणाली.

"मी इचारलंच कुठं?"

आईनं कप खाली ठेवला. "सुधाताई, रविवारी पाहुणे येऊन राहिले. तुमाले लेक नाही म्हणून तुमाले समजत नाही. एकदा नाव झालं की कोण करते अशी पोरगी?"

सुधाताईंनी चहाचा घोट घेतला. त्यांना चहात दोन चमचे साखर लागायची आणि त्या घरात ती कधी कमी पडली नव्हती. "मले लेक नाही, बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "रेखाले लेक आहे. तुले लेक आहे. दोघांचंही निभावलं पायजे. मी कोणाचं नाव घेणार नाही. पण रक्त मी नाही देऊ शकत माहं."

आतल्या खोलीचा पडदा हलला आणि मुलगी बाहेर आली. "माझी आहे, काकू. आईला वाटलं तिथे कुणी पाहणार नाही."

"तू चूप राय," आई म्हणाली. पण मुलगी चप्पल घालत होती.

दुपारी सुधाताई तिला घेऊन दवाखान्यात गेल्या. बुधवारी डॉक्टरांनी निकाल पाहिला, रेखाच्या गोळ्या थांबवल्या आणि बाळाला पाजायला सांगितलं. रेखा तिथेच बाकावर बसून पाजायला लागली. सुधाताई तिच्यासमोर पदर धरून उभ्या राहिल्या.

मला वाटलं, संपलं. पण संध्याकाळी त्या तिघांच्या पेट्या खाली पार्किंगमध्ये आलेल्या होत्या आणि भगतसाहेब चावी मागत होते. सुधाताई जिना उतरून आल्या आणि म्हणाल्या, "चावी राहू द्या. सुई माही होती."

भगतसाहेब म्हणाले, "तुम्हाला शुगर आहे?"

"वय झालं गा. होते."

"आणि आमचे डबे उकरत होता इतकी वर्षं?" हे तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ. त्यांच्या आवाजात आनंद होता, तो त्यांनी लपवला नाही. "दुसऱ्याले सांगे ब्रह्मज्ञान," दुसरं कुणी म्हणालं. गोकर्णाच्या घरची आई मागच्या रांगेत उभी होती. ती खाली पाहत राहिली.

रेखा बादल्या धूत होती. तिनं पाणी बंद केलं आणि सुधाताईंकडे पाहिलं. सुधाताईंच्या घरून निर्माल्य कधी येत नाही, हे त्या गर्दीत रोज ते हातानं उचलणाऱ्या तिलाच आठवलं. तिचं तोंड उघडलं. सुधाताईंनी मान किंचित हलवली, आणि रेखानं पुन्हा नळ सोडला.

मी वर आल्यावर त्यांच्यावर रागावले. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "पिशवी कोणी उघडणार नाही, हा शब्द कोणी दिला? मी. रेखाचे हातमोजे कोणी उतरवले? मीच. लपवायची जागा मी करून दिली, तिनं नुसती वापरली. मंग सुई कोणाची म्हणायची, तूच सांग. एवढी पुस्तकं वाचली तं."

दुसऱ्या दिवशी समितीनं त्यांना कळवलं की कचऱ्याकडे त्यांनी आता पाहू नये. त्यांनी पाहिलं नाही.

साक्षगंध झालं नाही. शनिवारी मुलीनं स्वतःच त्या मुलाला फोन करून आजार सांगितला आणि रविवारी पाहुणे आले नाहीत. ती सुधाताईंकडे येऊन म्हणाली, "आता मी खाली जाऊन सांगते सगळ्यांना." सुधाताईंनी तिला बसवलं. "मले काय फरक पडते? माहं लग्न व्हायचं आहे काय? तुह्यं नाव आज गेटपाशी निघालं तं उद्या भाजीवाल्याच्या तोंडी होईन. तुले सांगायचं त्याले सांग. साऱ्या इमारतीले काहून?" मुलगी रडली. पुढे नोकरी धरून ती पुण्याला गेली.

त्यानंतर इमारतीत कुठेही गेल्या तरी सुधाताईंच्या हातात बिनसाखरेचा चहा येई. "तुमचा फिका आहे हं," असं सांगून लोक काळजीनं देत. त्या तोंड वाकडं न करता पिऊन टाकत आणि मग माझ्याकडे येऊन म्हणत, "दे वं, जरा माणसाचा चहा."

या उन्हाळ्यात त्या झोपेतच गेल्या. पार्किंगमध्ये शोकसभा झाली. भगतसाहेब चांगलं बोलले. इमारतीला शिस्त कुणी लावली, खत कुणी सुरू केलं, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "एक चूक झाली त्यांच्याकडून. पण कबूल करण्याइतकं मोठं मन होतं." लोकांनी माना डोलावल्या. रेखा मुलाला कडेवर घेऊन गेटपाशी उभी होती, ती तिथूनच निघून गेली.

रात्री मी पुण्याला फोन केला आणि हे सगळं लिहू का, असं विचारलं. मुलगी म्हणाली, "लिहा मावशी. माझं नाव नको, बाकी सगळं लिहा."

सुई सुधाताईंची नव्हती. हे माहीत असलेल्या आता आम्ही चौघी उरलो आहोत.